आधी लागेल ते वर

११ सप्टेंबर

वन्सं,

हो, मुद्दामच लिहिलं. शाळेत एका बाकावर बसून एकमेकींचे डबे खाल्ले, तेव्हा मला वन्सं म्हणायचं नाही, अशी माझ्या लग्नाच्या दिवशी तू तंबी दिली होतीस. ती मी इतकी वर्षं पाळली. पण सख्खा भाऊ गेला तरी जी आली नाही, आणि नंतर दोन वर्षं जिने एक ओळ लिहिली नाही, तिला मैत्रीण कशी म्हणू? नणंद म्हणायला काही करावं लागत नाही. नणंद ही असतेच.

तुझं कार्ड मिळालं. 'बाबा येतो म्हणाले. त्यांच्यासाठी खोली रिकामी केली आहे. कधी निघताय ते कळव.' मी ते दुकानात, शिवणमशीनवर बसल्या बसल्या वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला. आमच्या मास्तरांनी नुसता चष्मा कपाळावर नेला आणि पँटकडे बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं.

अगं, काय करून बसलीस हे! तुझे बाबा सगळ्यांनाच येतो म्हणतात. विसरलीस का तू? आपण फोन ठेवताना 'ठेवते' म्हणतो, ते 'येतो' म्हणतात. गॅसवाल्याला म्हणतात, बँकेतल्या बाईला म्हणतात, राँग नंबर लागला तर त्यालाही 'नाही हो, हा तो नंबर नाही, बरं, येतो' म्हणतात. निघताना जातो म्हणू नये, एवढं लहानपणी कोणीतरी त्यांना शिकवलं आणि ते त्यांनी जन्मभर पाळलं. तुझा दादा सांगायचा ते आठवतं? लहानपणी तो एकदा त्यांच्याबरोबर त्या सामान हलवायच्या कंपनीच्या कामावर गेला होता. कुणाचं तरी बिऱ्हाड हलत होतं. सामान ट्रकमध्ये चढलं, माणसं आधीच गाव सोडून गेलेली, आणि बाबा रिकाम्या खोलीच्या मधोमध उभे राहून म्हणाले, "येतो." याने विचारलं, "बाबा, कोणाला सांगताय?" तर म्हणाले, "घराला. दुसरं आहे कोण इथे?"

तर असा हा शब्द. त्यांच्या वाढदिवसाला तुझा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. मला एकच बाजू ऐकू येत होती. "हो." "बरी आहे." "खोकला आहेच." "तिकडे थंडी फार का?" आणि शेवटी "बरं, येतो." त्यात येण्याचं काही नव्हतं, बाई. तो त्यांचा पूर्णविराम होता, आणि तू त्यासाठी एक अख्खी खोली रिकामी केलीस.

घरी येऊन मी त्यांना कार्ड दाखवलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी ते उजेडाला धरून वाचलं, उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचलं. मग स्टूल घेऊन कपाटावरची मोठी बॅग खाली काढली. स्टुलावर चढायला त्यांना डॉक्टरांची बंदी आहे. मी ओरडले, "बाबा, काय चाललंय?"

"काही नाही. चेन चालते का बघतो."

आता कुठे घोडं पेंड खातंय तेही सांगते. त्यांच्या उजव्या फुप्फुसात वरच्या कोपऱ्यात हवेचा एक फुगा धरला आहे. जमिनीवर तो गप्प बसतो, पण विमानात फुटेल, असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे यायचं तर आगगाडीने यायचं. खंडाच्या या टोकाहून त्या टोकाला. आणि हे सगळं करणार कोण, तर मी.

'गैरसमज झाला, खोलीत सामान परत भरून टाक' एवढंच लिहायला बसले होते. पण ते आत बसून चेनला मेणबत्ती घासताहेत. तो आवाज येतो आहे, म्हणून ते वाक्य लिहीत नाही.

वहिनी


३० सप्टेंबर

वन्सं,

'इतकं काय अवघड आहे, गाडीत बसायचं आणि उतरायचं' असं तू लिहितेस. उंटावरून शेळ्या हाकू नकोस. गाड्या पाच आहेत. पहिली आपल्या इथून मोठ्या शहरापर्यंत, तिथे स्टेशन बदलायचं, म्हणजे गाव ओलांडून दुसऱ्या स्टेशनावर जायचं. दुसरीत बसून प्रवास. तिसरी रात्रभराची. चौथी सगळ्यात लांब, ती चालतच राहते. ती सीमेवर थांबते, कारण पलीकडे रुळांची रुंदी वेगळी. तिथे डबे जॅकने वर उचलतात आणि खालची चाकं बदलतात. माणसं आतच बसून राहतात. मग तुमच्या राजधानीत पाचवी.

हे सगळं मला तिकीट ऑफिसातल्या बाईने नकाशावर पेन्सिल फिरवून सांगितलं. सुरेख नखं आहेत तिची, आणि घाई नाही. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, तर पाच गाड्यांचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते अडकले चाकांपाशी.

"माणसं आत असताना उचलतात?"

"हो."

"भरलेला डबा?"

"भरलेला."

"कप-बशा फुटत नसतील?" मग स्वतःशीच बराच वेळ मान हलवत राहिले. "हुशार आहेत. भरलेलं कपाट रिकामं न करता पाय बदलल्यासारखं झालं हे. आम्हाला कधी जमलं नाही."

दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना कशाचं तरी कौतुक करताना ऐकलं.

त्या गाडीत वाफेच्या यंत्रासाठी प्लग आहे का, खालचा बर्थ पक्का मिळेल का, संडास किती लांब, गाडी बदलताना जिना आहे की लिफ्ट, हे सगळं विचारून झालं. एका ठिकाणी लिफ्ट आहे पण बंद आहे. कधी सुरू होईल ते त्यांना माहीत नाही. व्हिसाच्या फॉर्मवर माझं त्यांच्याशी नातं विचारलं होतं. पत्नी, मुलगी, बहीण असे चौकोन होते. गेलेल्या मुलाची बायको असा चौकोन नव्हता. मी 'इतर'वर खूण केली. घरी आल्यावर भांडी घासताना ते 'इतर' डोक्यात फिरत राहिलं.

खरं सांगू? तुझं कार्ड वाचलं तेव्हा पहिला विचार काय आला? सुंठीवाचून खोकला गेला. शब्दशः. अगं, मी दमले आहे. कोणी आजारी पडल्यावर येतो तो थकवा वेगळा. त्याला निदान रजा मिळते. हा थकवा म्हणजे सकाळी त्यांचं गरम पाणी, वाफ, गोळ्या, मग दुकान, मग दिवसभर लोकांच्या तुरपाया, मग परत वाफ. रविवारी दुपारी डोळा लागला की भिंतीपलीकडून खोकला येतो. ते बिचारे तोंडावर उशी धरून खोकतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून. ते मला जास्त ऐकू येतं. आम्ही दोघं भांडत नाही. भांडायला मधे कोणीतरी लागतं. तो मधला माणूस गेला आणि आम्ही दोन बाजूंना उरलो, एकमेकांशी अतिशय नीट वागत.

या घरात मला तू आणलंस. 'माझा भाऊ बघ, गरीब आहे पण तोंडाळ नाही' असं तूच म्हणाली होतीस. आणि मला आत सोडून स्वतः दुसऱ्या टोकाला निघून गेलीस. म्हणून म्हणते, आता तुझी पाळी आली असेल तर त्यात माझं काही चुकत नाही.

निमंत्रणाच्या पत्रावर तुझी सही लागेल. शाई निळी.

वहिनी


२१ ऑक्टोबर

अगं,

तुझं लांब पत्र मिळालं. सीमेच्या स्टेशनावर तू येशील आणि तिथून पुढे त्यांना तू नेशील, हे उत्तम. मास्तरांनी रजा देताना इतके उसासे टाकले होते की मी शेवटपर्यंत आले असते तर परत आल्यावर माझं मशीन दुसऱ्या कोणाला तरी दिलेलं दिसलं असतं. म्हणजे चाकं बदलेपर्यंत माझे, नंतर तुझे.

'दादाच्या वेळी मी निघाले होते' असं तू एका ओळीत लिहून पुढे लगेच मोज्यांबद्दल लिहिलं आहेस. निघाले होते म्हणजे काय? निघालेलं माणूस पोचतं. मी ती ओळ तीन-चारदा वाचली. पत्रात उत्तर देऊ नकोस. भेटल्यावर सांग.

तिकिटं काढली. बाबांनाही नेलं होतं, फोटोसाठी. फोटोवाला सारखा "हसू नका" म्हणत होता. ते हसतच नव्हते, त्यांच्या तोंडाची ठेवणच तशी झाली आहे दात काढल्यापासून. शेवटी मी म्हटलं, "बाबा, ट्रकवाल्याने आरशाचं कपाट आडवं टाकलं." लगेच हवा तसा चेहरा आला.

तिकिटवालीने सगळं यंत्रात भरलं आणि विचारलं, "परतीचं दोघांचंही?"

मी म्हटलं, "माझं द्या. त्यांचं... बघू."

एवढंच म्हणाले मी. तीन महिन्यांचा व्हिसा आहे, मग पुढे वाढवता येतो, तुझी सोय काय, त्यांची तब्येत काय, कोण आणून सोडणार, काहीच ठरलेलं नाही. बघू म्हणण्यात काय चूक होती? बाबा मागे बाकावर बसून बुटाची नाडी बांधत होते. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. ऐकलं नसेल.

पण तुला सांगते, माझं मलाच ऐकू आलं. मी पगारवाढ मागितली की मास्तर 'बघू' म्हणतात. बारा वर्षं बघताहेत. आपल्यात 'नाही' म्हणायला दुसरा शब्द कुठे आहे?

परत येताना बसमध्ये ते इतकंच म्हणाले, "चांगली आहे बाई. नीट विचारते सगळं."

तुझी वहिनी


८ नोव्हेंबर

अगं,

निघायचं जवळ आलं. त्यांच्या कोटाला आतून खिसा लावला, पासपोर्ट आणि गोळ्यांच्या चिठ्ठीसाठी. वर झडप, झडपेला दोन बटणं. काजं हाताने केली, मशीनवरची त्यांच्या बोटांना घट्ट होतात. मास्तरांनी खिसा उलटसुलट करून बघितला आणि "कोटापेक्षा खिसा भारी झाला" म्हणाले. हे त्यांचं कौतुक.

बॅग मात्र मला भरू देत नाहीत. मी दोन शर्ट घड्या घालून वर ठेवले, तर परत येईपर्यंत काढून खुर्चीवर ठेवलेले. "सूनबाई, हे शेवटच्या दिवसाचे. शेवटचं तळाला. आधी लागेल ते वर." हे वाक्य तू लहानपणापासून ऐकलं असशील. माणसं उलटं करतात म्हणे. जे आधी सुचतं ते आधी भरतात, आणि मग पोचल्यावर एका टॉवेलसाठी सगळं बिऱ्हाड उपसतात. म्हणून भरणाऱ्याने मागून पुढे विचार करायचा. शेवटचा दिवस आधी डोळ्यांपुढे आणायचा, मग त्याच्या आदला, असं करत करत आपल्या दारापर्यंत यायचं. चार दिवस झाले, रोज थोडं भरतात. मधेच थांबून डोळे मिटतात आणि बोटं हलवतात. मला वाटलं छातीत दुखतंय. तर म्हणाले, "तिसऱ्या गाडीत आहे मी. थांब."

तळाला काय ठेवलं ते सांगत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आहे.

थंडी म्हणून तिन्ही स्वेटर घेतले, ते ठीक. पण त्यांचा कपाटातला कप्पा रिकामा दिसला. आत नवीन कागद अंथरलेला. खोलीही झाडून घेतली आहे, पलंग सरकवून मागचंसुद्धा. आज सकाळी मला मोरीपाशी बोलावून गळक्या नळाचा वायसर कसा बदलायचा ते दाखवलं. मी म्हटलं, "तुम्ही आल्यावर बघा ना." तर म्हणाले, "शिकून ठेव. गळतं ते गळतंच."

तू हे वाचून मला विचारशील, तुला त्यात काही दिसलं नाही का? नाही दिसलं. म्हणजे दिसलं, पण हातात शिवण होती आणि बरंच राहिलं होतं.

सीमेच्या स्टेशनावर डबा ओळखायला मी खिडकीला माझी हिरवी ओढणी बांधेन. बाबांना अंडं उकडून चालतं, तळून नाही. चहा पातळ झाला तर ते बोलणार नाहीत, पण अर्धा ठेवतील. वाफेच्या यंत्राचा पाइप रोज उकळत्या पाण्यातून काढायचा. रोज म्हणजे रोज.

तुझी वहिनी


२५ नोव्हेंबर, परतीच्या गाडीत

अगं,

गाडी हलते आहे म्हणून अक्षर असं. ती बंद लिफ्ट अजूनही बंद आहे. जाताना त्या जिन्यावर बाबा प्रत्येक वळणावर थांबले आणि दर वेळी लोकांना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." परतताना मी एकटी सरळ चढून गेले आणि वर पोचल्यावर मागे वळून बघितलं. सवय. दुसरं काय.

तुला सांगायचं ते प्रवासाबद्दल नाही. तरी एक सांगते. ती बॅग. पहिल्या दिवशी वर टॉवेल, साबण, वाफेचं यंत्र. दुसऱ्या दिवशी त्याखाली नेमके धुतलेले मोजे. थंडी सुरू झाली त्या सकाळी पहिला स्वेटर वर आलेला. मी एकदाही काही शोधलं नाही. माझ्यासाठी डोकेदुखीची गोळीसुद्धा होती, चौथ्या गाडीच्या थरात. मी म्हटलं, "तुम्हाला काय माहीत, माझं डोकं इथे दुखेल?" तर म्हणाले, "दुखणारच. एवढे दिवस माझ्याबरोबर डब्यात."

गोळी घेतल्यावर लक्षात आलं की बॅगेत परतीचं काहीच नाही. मागून पुढे विचार करणारा माणूस, आणि त्याचा शेवटचा दिवस तुझ्या दारापाशी संपत होता. त्यापुढे त्यांनी डोळे मिटून काही बघितलंच नव्हतं. त्यांनी 'बघू' ऐकलं होतं गं. कान कुठले कमी झालेत त्यांचे.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. वेळ भरपूर होता. खिडकीबाहेर तासन्‌तास नुसतं गवत. पण तू म्हणालीस ना स्टेशनावर, तसंच झालं. दादाच्या वेळी तू निघालीस ती याच स्टेशनापर्यंत आलीस, त्या तपकिरी बाकावर बसलीस, आणि चाकं बदलेपर्यंत वेळ होता म्हणून धीर सुटला. 'गाडी थांबली नसती तर मी पोचले असते, वहिनी.' हे ऐकल्यावर मी थर्मासचं झाकण फिरवत बसले. मनात मात्र म्हटलं, मला हे आधी का नाही लिहिलंस? दोन वर्षं मी तुझ्यावर चिडण्यात घालवली. तेवढीच माझी करमणूक होती.

आता ते सांगते. डबा उचलला, खाली ठोकाठोक झाली, बाबा खिडकीला नाक लावून बघत होते, आणि "अलगद, अलगद" असं त्या कामगारांना सांगत होते. त्यांना एक शब्द कळत नव्हता, तरी एकाने हात केला. मग डबा खाली आला. तू तुझी पिशवी बर्थखाली ढकलत होतीस, वाकलेली होतीस, म्हणून तुला ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या पायांवर पांघरूण टाकलं आणि म्हटलं, "येते हं बाबा."

ते म्हणाले, "बरं. जातो मी."

जातो. ज्या माणसाने राँग नंबरलासुद्धा कधी जातो म्हटलं नाही त्याने. रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. अगदी हलक्या आवाजात, सामान पोचतं केल्यावर पावतीवर सही घेऊन म्हणावं तसं. आणि माझ्या हातावर थोपटलं. मला मोकळं केलं त्यांनी.

शिट्टी झाली, मी उतरले. मग खाली प्लॅटफॉर्मवर माझं डोकं फिरलं. मी काचेवर मूठ आपटली आणि ओरडले, "येतो म्हणा! बाबा, येतो म्हणा!" काच जाड. त्यांनी कानामागे हात धरला, मग हसून मान हलवली, हात हलवला. ओढणी खिडकीला तशीच राहिली. तुला वाटलं असेल, वहिनी किती प्रेमाने निरोप देते आहे.

मी चालत्या गाडीबरोबर थोडी धावले. या वयात. एका हमालाने मला बाजूला घेतलं.

आता बाहेर तेच गवत आहे, उलट्या दिशेने.

तुझी वहिनी


१६ डिसेंबर

अगं,

तळाच्या कागदात तुझा कान तुटलेला कप निघाला आणि तो तुझ्या दादाच्या मफलरात गुंडाळलेला होता, हे वाचलं. तो मफलर मी दोन वर्षं शोधत होते. प्रत्येक पेटी उपसली, मास्तरांच्या दुकानातसुद्धा विचारलं. असू दे आता तिकडे. तू गळ्यात घालून फिरतेस म्हणालीस, ते बरं करतेस. फक्त गरम पाण्यात धुवू नकोस, आखूड होईल.

इकडचं सांगते. आले त्या रविवारी मी दुपारी झोपले. पोटभर. दोन वर्षं मागितलेली झोप. उठले तेव्हा संध्याकाळ झाली होती, तोंडावर उशीची खूण, इतकं छान वाटलं की लाज वाटली. पुढच्या रविवारीही झोपले. या रविवारी मात्र मधेच दचकून जागी झाले. काय झालं म्हणून ऐकत राहिले. काही झालं नव्हतं. कोणी खोकत नव्हतं.

मला करमत नाही. हे मी मास्तरांना सांगितलं तर ते चष्मा कपाळावर नेतील. दमलेली तर आहेच मी, ते काही गेलं नाही. झोपेने जाईल असं वाटलं होतं. पण एकटीने दमण्यात काही अर्थ नाही, निदान दोघांनी दमावं.

त्यांची घराची किल्ली दारामागच्या खिळ्याला लावलेली सापडली. जाताना माझ्या लक्षातच आलं नाही. किल्ली पुसून लावली होती, दोरी नवीन. खोली झाडायची, किल्ली मालकाला द्यायची, आणि निघायचं, ही त्यांच्या कंपनीची रीत. मालक म्हणजे मी.

परवा तू फोन लावून दिलास. तू तिथेच असशील तर एकच बाजू ऐकली असशील, म्हणून दुसरी सांगते. मी विचारलं, "बाबा, बरे आहात?" मग, "चहा कसा असतो?" मग, "नळ परत गळतोय, वायसर कुठल्या बाजूने बसवायचा?" नळ गळत नव्हता. त्यांनी मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मग ते म्हणाले, "बरं, येतो." आणि फोन ठेवला.

सवयीने म्हणाले असतील. मला ठाऊक आहे. त्या शब्दात येण्याचं काही नसतं, हे मीच तुला लिहिलं होतं, चांगलं पानभर. पण तुझ्याशीही ते सवयीनेच म्हणाले होते, आणि तू खोली रिकामी केलीस. ती वेडेपणाची चूक होती असं मी समजत होते. तीच चूक आता मी करते आहे.

काल दुकानातून निघून सरळ तिकीट ऑफिसात गेले. ती बाई होती. तिने मला ओळखलं. म्हणाली, "परतीचं बघणार होतात ना?"

मी म्हटलं, "बघितलं. द्या."

दोन तिकिटं काढली आहेत, व्हिसा संपायच्या आधीची. तिकडून इकडे. एक त्यांचं, एक तुझं. तुझं तुला न विचारता काढलं. सीमेवर गाडी थांबेल, चाकं बदलतील, वेळ मिळेल. तो तपकिरी बाक तसाच असेल. त्यावर बसायचं नाही. डब्यात बसून राहायचं, बाबा त्या कामगारांना "अलगद" म्हणतील ते ऐकायचं, आणि या वेळी अर्ध्यावर नाही, दारापर्यंत यायचं. त्या बंद लिफ्टच्या जिन्यावर त्यांना घाई करू नकोस.

बॅग त्यांनाच भरू दे. मागून पुढे विचार करायला या वेळी शेवटचा दिवस इथला आहे, हे त्यांना सांग. मी दुकानात असेन, दार उघडायला घरी कोणी नसेल. म्हणून सोबत त्यांची किल्ली पाठवते आहे, पाकिटात पुठ्ठ्याला शिवून. ती सगळ्यात तळाला भरायची म्हणावं.

तुझी,
शाळेच्या बाकावरची